कपातला चॉकलेट केक : दीड मिनिटाचा खाऊ आणि त्याचे पथ्य

सुट्ट्या लागल्या, की दवाखान्यात येणाऱ्या आयांच्या प्रश्नांचा रोख बदलतो. पूर्वी आइस्क्रीमने घसा धरतो का, कैऱ्या खाल्ल्याने ताप येतो का, असे विचारले जाई. आता अनेक घरांत मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे आणि मुले त्यात चहाच्या कपात चॉकलेट केक करू लागली आहेत. मैदा, साखर, कोको, दूध आणि तेल कपात कालवायचे, ओव्हनमध्ये ठेवायचे, बटण दाबायचे, की दीड मिनिटात केक तयार. भांडी नाहीत, पसारा नाही आणि एकट्यापुरता खाऊ.

शेळगावच्या एका वाचक भगिनीने याच विषयावर तीन प्रश्न विचारले आहेत. या ओव्हनच्या लहरींनी अन्न विषारी होते का? केक मधे ओलसर राहतो, तो मुलांनी खाल्ला तर चालेल का? आणि घरात सासूबाईंना मधुमेह आहे, नात मोठ्या मायेने कप पुढे करते, तेव्हा त्यांनी काय करावे? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यातला तिसरा तर घराघरांतला आहे. म्हणून आज या कपातल्या केकचीच थोडी सविस्तर माहिती घेऊ.

चॉकलेट आता आपल्या भागाला परके राहिलेले नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीच्या फेरेरो कंपनीचा कारखाना २०११ पासून आहे. साखरेचे तर विचारायलाच नको. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा हा पट्टा. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, बिजवडीचा कर्मयोगी कारखाना ही नावे लहान मुलालाही ठाऊक असतात. दूधही घरचेच. म्हणजे केकचे बहुतेक सामान हाताशी आहे. प्रश्न उरतो तो करण्याच्या आणि खाण्याच्या रीतीचा.

लहरी करतात काय?

चुलीवर किंवा गॅसवर अन्न शिजते ते बाहेरून आत. गुऱ्हाळातली काहील आठवा. जाळ खाली असतो, आधी काहील तापते, मग तळाचा रस तापतो आणि तो वर येत येत सगळा रस उकळू लागतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असा जाळ नसतो. मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून अतिसूक्ष्म रेडिओ लहरी निघतात आणि त्या थेट अन्नात शिरतात. अन्नातील पाण्याच्या प्रत्येक रेणूला एक धन आणि एक ऋण असे टोक असते. लहरींची दिशा सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा बदलते, आणि तिच्यामागे फिरता फिरता हे रेणू एकमेकांवर आदळतात. त्या घुसळणीतून उष्णता निर्माण होते. अन्नातले पाणी तापते आणि त्याच्या उष्णतेने बाकीचे अन्न शिजते.

मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून बाहेर शिजते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. या लहरी ओलसर पदार्थात सर्वसाधारणपणे दोन-तीन सेंटीमीटर खोलवरच जोर धरतात. त्यापुढचा भाग शेजारच्या उष्णतेने हळूहळू तापतो. कप लहान असतो, लहरी त्याच्या सर्व बाजूंनी आत येतात, म्हणून कपभर पीठ इतक्या लवकर शिजते. मोठ्या भांड्यात हेच पीठ ओतले तर कडेला दगड आणि मधे चिखल अशी गत होते.

या ओव्हनच्या जन्मकथेतही चॉकलेट आहे. अमेरिकेत रेथिऑन या कंपनीत पर्सी स्पेन्सर हे तंत्रज्ञ रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करीत होते. १९४५ च्या सुमारास त्या यंत्राजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली आणि त्यावरून त्यांना अन्न तापवण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९४७ साली बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोहून अधिक वजनाचा होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावेल असा ओव्हन यायला १९६७ साल उजाडले.

किरणांची भीती किती खरी?

‘किरण’ म्हटले, की लोकांना क्ष-किरण आठवतात आणि पाठोपाठ कर्करोग आठवतो. हे दोन प्रकार वेगळे आहेत. क्ष-किरणांत पेशीतील रेणू तोडण्याइतकी शक्ती असते. मायक्रोवेव्ह लहरी आकाशवाणीच्या लहरींच्या कुळातल्या आहेत. त्या रेणू तोडत नाहीत, फक्त हलवून तापवतात. ओव्हन बंद झाला, की लहरीही संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच हे आहे. केकमध्ये काही ‘भरून’ राहत नाही आणि तो किरणोत्सारीही होत नाही.

लहरी दारातून बाहेर का येत नाहीत, हे समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे उभ्या आहेत. जवळून पाहिले तर त्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. वारा त्यातून आरपार जातो, पण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या जाळीवरून परत फिरतात, कारण लहरींची लांबी जाळीच्या छिद्रापेक्षा पुष्कळ मोठी असते. ओव्हनच्या काचेमागची बारीक छिद्रांची जाळी हेच काम करते. मायक्रोवेव्हची लहर सुमारे बारा सेंटीमीटर लांब असते आणि जाळीची छिद्रे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. उजेडाच्या लहरी अतिशय सूक्ष्म असल्याने त्या बाहेर येतात आणि आपल्याला आतला केक फुगताना दिसतो. उष्णता देणाऱ्या लहरी मात्र आतच अडतात.

म्हणून काळजी घ्यायची ती दाराची. दार वाकलेले असेल, नीट बसत नसेल, जाळी फाटली असेल किंवा कडेच्या पट्टीवर अन्नाचा थर साचला असेल, तर तो ओव्हन दुरुस्त झाल्याशिवाय वापरू नये. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर त्यांनी चालू ओव्हनला टेकून उभे राहू नये. आजचे पेसमेकर पुरेसे सुरक्षित असतात, तरी हे पथ्य सोपे आहे.

कप कोणता घ्यावा?

आपल्याकडे स्टीलचे भांडे हाताला सवयीचे. ओव्हनमध्ये मात्र स्टील, पितळ, ॲल्युमिनियम काहीही चालत नाही. धातूवरून लहरी परत फिरतात, अन्न तापत नाही आणि ठिणग्या उडून ओव्हन बिघडतो. ज्या कपाच्या काठाला सोनेरी रेघ आहे तोही बाद. ती रेघ धातूचीच असते. कपात चमचा विसरू नये.

चिनी मातीचा जाड कप किंवा उष्णता सोसणारी काच उत्तम. कप योग्य आहे की नाही हे ओळखण्याची एक रीत आहे. ओव्हनमध्ये रिकामा कप ठेवावा, शेजारी पाण्याने भरलेला दुसरा कप ठेवावा आणि एक मिनिट चालवावे. पाणी गरम झाले आणि रिकामा कप गार राहिला, तर तो वापरण्याजोगा आहे. कपच तापला, तर तो ओव्हनसाठी नव्हे. तडा गेलेल्या कपात पाणी मुरते आणि तो अतिशय तापतो, म्हणून तोही नको.

प्लास्टिकचे कप, आइस्क्रीमचे रिकामे डबे, मेलामाइनची भांडी यांत केक करू नये. तेल आणि साखर असलेले पीठ तापले, की प्लास्टिक मऊ होऊन त्यातील द्रव्ये अन्नात उतरण्याची शक्यता असते. डब्यावर ‘मायक्रोवेव्हसाठी योग्य’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा मुख्य अर्थ डबा वितळणार नाही एवढाच समजावा.

नेहमीची कृती आणि तिचा हिशेब

सर्वत्र चालणारी कृती साधारण अशी आहे. मोजमापाचा मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटरचा, घ्यावा. मैदा ४ चमचे, साखर २ चमचे, कोको २ चमचे, दूध ३ चमचे, तेल २ चमचे, बेकिंग पावडर चहाचा पाव चमचा आणि चिमूटभर मीठ. कोरडे पदार्थ आधी मिसळायचे, मग दूध आणि तेल घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळायचे. फार घोटले तर मैद्यातील चिकटपणा वाढून केक रबरासारखा होतो. कप निम्म्याहून जास्त भरू नये, कारण पीठ दुपटीने फुगते. सातशे-आठशे वॅटच्या ओव्हनमध्ये पूर्ण शक्तीवर ७० ते ९० सेकंद पुरतात.

केक चविष्ट होतो यात शंका नाही. आता उष्मांकांचा हिशेब करू. मैद्याचे सुमारे ११०, साखरेचे १००, तेलाचे २४५, कोको आणि दुधाचे मिळून ६० ते ७०. बेरीज ५२० च्या आसपास जाते. ज्वारीच्या मध्यम भाकरीत साधारण २०० उष्मांक असतात. म्हणजे मुलाने जेवणानंतर एक कप केक संपवला, तर त्याने वर अडीच भाकऱ्या खाल्ल्यासारखे झाले! फरक इतकाच, की भाकरीबरोबर भाजी, पिठले, चोथा पोटात जातो. येथे जातो तो मैदा, साखर आणि तेल. यातील निम्मे उष्मांक एकट्या तेलाचे आहेत, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सारा दोष साखरेला मिळतो.

साखरही काही कमी नाही. दोन मोठे चमचे साखर म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत आणावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅमच होतात. याचा अर्थ दिवसभराची मर्यादा या एका कपात संपली. आणि आपल्याकडे दिवसातून तीन-चार वेळा गोड चहा ठरलेलाच असतो.

सुधारलेली कृती

हाच केक थोड्या शहाणपणाने केला, तर उष्मांक निम्म्यावर येतात. कणीक ३ मोठे चमचे, कोको १ मोठा चमचा, साखर चहाचे २ चमचे, चांगले पिकलेले अर्धे केळे कुस्करून, दूध ३ मोठे चमचे, तेल चहाचा १ चमचा, बेकिंग पावडर चहाचा पाव चमचा. केळ्याने गोडी येते, ओलावा टिकतो आणि तेल कमी असूनही केक कोरडा होत नाही. इंदापूर तालुक्यात केळी पिकतात, तेव्हा ती शोधत हिंडावे लागणार नाही. या कपात सुमारे २५० उष्मांक भरतात. दोन लहान मुलांत तो वाटून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे येतात. त्यावर कोणी हरकत घेऊ नये.

कणकेऐवजी निम्मे नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ घालता येते. सगळेच ज्वारीचे घातले तर केक भुसभुशीत होऊन चमच्यावर ठरत नाही, कारण ज्वारीत गव्हासारखा धरून ठेवणारा चिकटपणा नसतो.

कोको विकत घेताना पाकिटावरील घटक वाचावेत. दुधात घालायची चॉकलेटी पावडर म्हणजे कोको नव्हे. तिच्यात बहुधा साखरच सर्वांत जास्त असते. ती घालून वर पुन्हा साखर टाकली तर हिशेब कोलमडतो. स्वस्त चॉकलेटच्या लाद्यांत कोकोच्या लोण्याऐवजी घट्ट केलेले वनस्पती तेल असते. अशा तेलांतील घातक ट्रान्स स्निग्धांशावर आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही घट्ट तेलाचा पदार्थ रोज खाण्याजोगा होत नाही.

कोकोत थोडे कॅफिनही असते. मोठ्या दोन चमच्यांत सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम. म्हणून लहान मुलांना हा केक रात्री झोपण्यापूर्वी न देता दुपारी द्यावा. ज्यांना ऑक्झलेटचा मुतखडा झालेला आहे त्यांनी कोको बेतानेच घ्यावा, कारण त्यात ऑक्झलेट बरेच असते.

बेकिंग पावडर संपली म्हणून तेवढाच खायचा सोडा टाकण्याची चूक पुष्कळदा होते. सोडा तिच्यापेक्षा तीन-चार पट तीव्र असतो. केकला साबणासारखी चव येते आणि सोडियमही वाढते. चहाच्या पाव चमचा सोड्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे. सोडाच वापरायचा असेल, तर चिमूटभर घ्यावा आणि दुधाऐवजी ताक किंवा दही घालावे, म्हणजे आंबटपणाने सोडा नीट फुलतो.

मधे ओलसर राहिलेला केक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मधे पातळ चॉकलेट वाहणारा केक हॉटेलात मिळतो. तसाच घरी व्हावा म्हणून मुले मुद्दाम कमी वेळ लावतात. येथे सावध राहावे. मैदा आणि कणीक ही कच्ची पिठे आहेत. शेतातून, गिरणीतून येताना त्यांत जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या पिठातून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती. अंडे घातले असेल तर साल्मोनेला जंतूंचा धोका वाढतो. हे जंतू पुरेशा उष्णतेने मरतात, पण मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सारखी पसरत नाही. एका बाजूला वाफा येत असतात आणि दुसरीकडे पीठ कोमटच असते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. कप फिरत्या तबकडीच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवावा, म्हणजे तो सगळीकडून लहरी घेत फिरतो. केक झाल्यावर लगेच न काढता एक-दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. या वेळात कडेची उष्णता मधे जाते आणि राहिलेले शिजणे पूर्ण होते. मग लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाहावी. काडीला पातळ पीठ लागले, तर पुन्हा दहा-दहा सेकंद लावावे. एकदम जास्त वेळ लावू नये, कारण पाणी उडून गेले, की केक टणक होतो आणि गार झाल्यावर तर चावतही नाही. मुलांसाठी करताना अंडे वगळलेले बरे. वर दिलेल्या दोन्ही कृतींत अंडे लागतच नाही.

केकचा रंग पाहून तो झाला की नाही हे ठरवता येत नाही. पाव किंवा भाकरी भाजली, की तांबूस डाग पडतात, कारण पृष्ठभाग शंभर अंशांच्या पुष्कळ वर तापतो. मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ ओला असेपर्यंत शंभर अंशांच्या आसपासच राहतो, म्हणून तो तांबूस होत नाही. साधा केक त्यात फिकट, आजारी दिसतो. चॉकलेटचा केक मुळातच तपकिरी असल्याने ही उणीव झाकली जाते, आणि कच्चेपणाही झाकला जातो.

खेड्यात आणखी एक अडचण येते, ती विजेच्या दाबाची. शेतीपंप सुरू झाले, की घरातले दिवे मंद होतात, हा सर्वांचा अनुभव आहे. त्या वेळी आठशे वॅटचा ओव्हनही तेवढी उष्णता देत नाही. घड्याळ दीड मिनिट दाखवते, पण केक कच्चा राहतो. याची परीक्षा सोपी आहे. २०० मिलिलिटर साधे पाणी कपात घेऊन, त्यात लाकडी काडी ठेवून, उकळायला किती वेळ लागतो ते पाहावे. आठशे वॅटला सुमारे दीड मिनिट लागते. सव्वादोन मिनिटांहून जास्त लागले, तर दाब कमी आहे असे समजून केकला वेळ वाढवावा. ओव्हन नेहमी अर्थिंग असलेल्या जाड पिनेच्या सॉकेटलाच जोडावा.

भाजण्यापासून सांभाळा

लहरींची जी भीती लोक बाळगतात, त्याहून खरी भीती भाजण्याची आहे. कप गार लागतो, वरचा केक कोमट लागतो, पण आतल्या चॉकलेटचा गोळा जिभेला चटका देतो. कपावर झाकण घट्ट बसवले तर वाफ कोंडून ते उडते. आणि गुळगुळीत कपात नुसते पाणी जास्त वेळ तापवले, तर ते न उकळताच उकळबिंदूच्या वर जाते आणि चमचा घालताच एकदम उसळते. म्हणूनच पाण्याच्या परीक्षेत लाकडी काडी सांगितली आहे. कवचासकट अंडे ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये, ते फुटते.

दहा-बारा वर्षांखालील मुलांनी मोठे माणूस जवळ असल्याशिवाय ओव्हन चालवू नये. ओव्हन मुलाच्या डोक्याच्या वर ठेवला असेल तर कप काढताना तो तोंडावर सांडतो, म्हणून तो कमरेच्या उंचीवर असावा.

तरीही भाजलेच, तर भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. बांगड्या, अंगठी लगेच काढावी. बर्फ, दंतमंजन, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. या गोष्टींनी उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते आणि डॉक्टरला ती नीट दिसत नाही. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकावे. तोंड, डोळे, हात भाजले असतील किंवा फोड मोठे असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

सासूबाईंनी काय करावे?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे हा प्रश्न एका घराचा नाही.

मधुमेहींना गोड कायमचे वर्ज्य, असे आज आम्ही सांगत नाही. सांगतो ते असे, की खाल्लेल्याचा हिशेब ठेवा. सुधारलेल्या कृतीचा पाव ते अर्धा कप जेवणाबरोबर, आणि त्या जेवणात एक चपाती कमी करून, ज्यांची साखर आटोक्यात आहे अशांना महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी चालण्यासारखा आहे. उपाशीपोटी, चहाबरोबर किंवा रोज मात्र नको. ज्यांची साखर वाढलेली आहे, पायाला जखम आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

आपल्या भागात गुळाबद्दल एक समजूत पक्की आहे. गूळ घरचा, सेंद्रिय, म्हणून मधुमेहाला चालतो, असे लोक सांगतात. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे. रक्तातील साखर तो तितकीच वाढवतो. मधाचेही तेच. बाजारातील गोड गोळ्यांपैकी अ‍ॅस्पार्टेमची गोडी तापवल्यावर जाते, सुक्रलोजची टिकते. पण गोड गोळी घातली म्हणून मैदा आणि तेल नाहीसे होत नाही. पिठाचीही रक्तात शेवटी साखरच होते.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची साखर कधी एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी घरचे जे गोड हाताला लागेल ते देतात. केक किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील तेला-तुपामुळे साखर रक्तात यायला उशीर होतो. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे.

दोन वर्षांखालील बाळाला वरची साखर मुळीच देऊ नये, मग ती केकमधून असो वा बिस्किटातून. त्याच्या जिभेला गोडीची सवय लागली, की भात-वरणाकडे ते पाहत नाही.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही

या केकसाठी कोणी मुद्दाम ओव्हन घेण्याचे कारण नाही. सुधारलेल्या कृतीचे पीठ तेलाचे बोट लावलेल्या स्टीलच्या वाटीत घालावे. कुकरमध्ये थोडे पाणी घेऊन जाळीवर वाटी ठेवावी, वर ताटली झाकावी आणि शिट्टी काढून ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफवावे. ढोकळ्यासारखा हलका केक होतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण वाफ सगळीकडे सारखी पोचत असल्याने तो कच्चा राहण्याची धास्ती कमी असते.

कपातल्या केकचा खरा गुण त्याच्या आकारात आहे. वाढदिवसाला आणलेला अर्धा किलोचा केक संपवावा म्हणून दोन दिवस सगळे घर खात राहते. कप संपला, की खाणेही संपते. मात्र दीड मिनिटात होतो म्हणून तो दिवसातून दोनदा होऊ लागला, तर हा गुणच अवगुण ठरेल. तेव्हा आठवड्यातला एक वार ठरवावा, सुधारलेली कृती कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावी, मोजमाप मुलांनाच करू द्यावे आणि खाल्ल्यावर चूळ भरायला लावावी. मोजून घेण्याची सवय याच वयात लागली, तर मोठेपणी मधुमेह आणि लठ्ठपणा टाळायला ती उपयोगी पडेल.